ट्रेनिंग झालं, फलक लागले, तरी पाणी-विजेचं बिल तेवढंच: छोट्या प्लेटिंग युनिटमध्ये पर्यावरणाची जाणीव कामात कशी उतरते?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. भोसरीला वडिलांपासून चालत आलेलं झिंक प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी पार्टवर जस्ताचा थर चढवायचं, जॉबवर्क युनिट. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक काम बॅरलचं, म्हणजे भोकं असलेल्या फिरत्या पिंपात माल भरून करायचं: बोल्ट, नट, वॉशर, छोटे ब्रॅकेट. मोठ्या ग्राहकाकडून पर्यावरणावरची लांबलचक प्रश्नावली आली म्हणून तुम्ही बाहेरून माणूस बोलावून कामगारांना ट्रेनिंग दिलं, ५ जूनला झाडं लावली, शॉपभर ‘पाणी वाचवा’चे फलक लावले. सहा महिन्यांनी बघता तर पाणी तेवढंच, वीज तेवढीच, ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लँटचा, गाळही तेवढाच. वडील म्हणतात, हे सगळं फोटोपुरतं, त्यापेक्षा टाकीला डीसी करंट देणारा रेक्टिफायर नवा घेतला असता. आणि तुम्ही विचारता की जाणीव वाढवून छोट्या कारखान्याची कामगिरी खरंच सुधारते, की हा मोठ्या कंपन्यांचा थाट आहे?

मी प्लेटिंग आणि पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये प्रोसेस सुधारण्याचं काम करतो, पिंपरी-चिंचवड आणि नाशिकच्या पट्ट्यात. माझ्या अनुभवात जाणिवेने फरक पडतो आणि छोट्या युनिटमध्ये मोठ्यापेक्षा लवकर पडतो. पण तुमच्या ट्रेनिंगमध्ये पृथ्वीबद्दल सांगितलं गेलं, तुमच्या टाकीबद्दल कोणी बोललंच नाही. शिवाय ज्यांना सांगितलं त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं, आणि ज्यांच्या हातात सगळं आहे, म्हणजे तुम्ही आणि वडील, ते बहुधा ऑफिसमध्ये होते. खरा प्रश्न इथे आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. तुमचा बाथ, म्हणजे प्लेटिंगचं द्रावण, ॲसिड झिंकचा आहे की अल्कलाइन, की अजून सायनाइडवर चालता, यावर बरंच ठरतं. माणसं कायम आहेत की ठेकेदाराची, पगार महिन्याचा की किलोवर, शेड स्वतःची की भाड्याची, पॅसिव्हेशन, म्हणजे जस्तावरचा गंज रोखणारा पातळ थर, तुम्ही ठरवता की ग्राहकाच्या ड्रॉइंगवर लिहून येतं, हेही बघावं लागेल. भाड्याच्या शेडमध्ये टाकीखालची फरशी उखडून नवीन नाली काढा असं मी सांगितलं तर तो सल्ला कागदावरच राहणार. म्हणून पुढचं सगळं बॅरल झिंक, ठेकेदाराची माणसं आणि भाड्याची शेड धरून लिहितो. तुमचं वेगळं असेल तर त्या हिशोबाने घ्या.

सुरुवात ईटीपीपासून करू, कारण माहितीचा आणि परिणामाचा सरळ संबंध तिथे डोळ्यांनी दिसतो. तुम्ही अजून पिवळं पॅसिव्हेशन हेक्झाव्हॅलंट क्रोमियमवर करत असाल, तर धुण्याच्या पाण्यात विरघळलेलं क्रोम-६ येतं. ते नुसता चुना टाकून खाली बसत नाही. आधी ॲसिडने पीएच दोन ते तीनच्या मध्ये आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे शॉपच्या भाषेत ‘मेटा’, टाकायचं. पिवळसर पाणी हिरवट झालं की क्रोम-६ चं क्रोम-३ झालं. त्यानंतर चुना किंवा कॉस्टिकने पीएच साडेआठ-नऊपर्यंत चढवला की क्रोम आणि जस्त दोन्ही गाळ होऊन खाली बसतात. हा क्रम उलटा झाला, आधी चुना आणि मग मेटा, तर रिॲक्शन जवळजवळ थांबते. पाणी वरून स्वच्छ दिसतं, केमिकल पूर्ण वापरलेलं असतं, आणि क्रोम-६ तसंच पुढे जातं. त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे थोडी गफलतसुद्धा तपासणीत पकडली जाते.

आता तुमच्या ईटीपीवरच्या माणसाला विचारून बघा, मेटा कशासाठी टाकतोस? मला बहुतेक ठिकाणी मिळालेलं उत्तर ‘पाणी साफ करायला पावडर’ असं असतं. तो बिहारचा किंवा ओडिशाचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा असतो. मागच्याने त्याला दाखवलं तसं तो करतो. फलक मराठीत आणि इंग्रजीत, त्याला वाचता येते हिंदी. त्याला तापमानवाढ समजावण्याऐवजी पीएच पेपर हातात देऊन रंग पिवळ्याचा हिरवा होताना एकदा दाखवलं, आणि हिरवा झाल्याशिवाय चुन्याला हात लावायचा नाही एवढं सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून ईटीपी सुधारतो. नवं यंत्र नाही, खर्च नाही. कामगाराची जाणीव कामगिरीत उतरते ती अशी. त्याला त्याच्या हातातल्या कामाचं कारण कळलं पाहिजे, आणि बरोबर झालं की चूक हे त्याला स्वतःला तिथल्या तिथे दिसलं पाहिजे.

यात एक धोक्याची सूचना. कुठेही सायनाइड बाथ असेल तर त्याचं पाणी ॲसिडच्या पाण्यात मिसळता कामा नये, त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो जिवावर बेततो. तिथे ‘जाणीव’ हा शब्दसुद्धा कमी पडतो. वेगळे पाइप, वेगळे रंग आणि वेगळ्या टाक्या लागतातच.

आता अवघड भाग. कामगाराला माहिती असून उपयोग होत नाही, असंही पुष्कळदा असतं. बॅरलचं उदाहरण घ्या. प्लेटिंग झाल्यावर बॅरल टाकीतून वर उचलला की पार्टबरोबर बाथचं द्रावण बाहेर येतं, यालाच आपण ड्रॅग-आउट म्हणतो. बॅरल टाकीवरच दहा-पंधरा सेकंद धरून एक-दोन फेरे फिरवला तर त्यातलं बरंच द्रावण परत बाथमध्ये गळतं. तसं न करता लगेच पुढच्या टाकीत ढकलला, तर तुमचं विकत घेतलेलं झिंक आणि चकाकी आणणारं ब्राइटनर धुण्याच्या पाण्यात, तिथून ईटीपीत, आणि तिथून गाळ होऊन पैसे देऊन उचलायच्या पिशवीत जातं. एकाच मालाचे तुम्ही तीनदा पैसे मोजता: घेताना, साफ करताना आणि टाकताना.

ऑपरेटरला हे कळत नाही असं नाही. एका शॉपमध्ये मी हॉइस्टवरच्या, म्हणजे बॅरल उचलायच्या यंत्रावरच्या, माणसाला विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, ‘साहेब, गळतंय ते दिसतं की. पण ठेकेदार किलोवर देतो.’ पंधरा सेकंद प्रत्येक बॅरलला थांबलं तर शिफ्टच्या शेवटी दोन-तीन बॅरल कमी निघतात आणि ते त्याच्या खिशातून जातात. आता त्याला पर्यावरणावर अजून दहा व्याख्यानं द्या, हात तेवढ्याच घाईने चालणार. तिथे मालकाने ठेकेदाराशी बसून दर बदलला पाहिजे, नाहीतर हॉइस्टला टायमर लावून थांबण्याचा वेळ माणसाच्या मर्जीवरून काढून घेतला पाहिजे. टायमर लावला की वाद संपतो, कारण सगळ्यांचे बॅरल सारखेच थांबतात. मॅनेजमेंटचा अभ्यास करणारे हेच क्षमता, प्रेरणा आणि संधी अशा तीन शब्दांत मांडतात. आपल्या शॉपमध्ये संधी म्हणजे ते पंधरा सेकंद. ते द्यायचे की नाही हे कामगार ठरवत नाही.

म्हणून मी ट्रेनिंगची सुरुवात नेहमी मालकापासून करतो. छोट्या युनिटमध्ये खरेदी, दर, माणसं, ग्राहकाशी बोलणं, सगळं एका-दोघांच्या हातात असतं. मोठ्या कंपनीत पर्यावरण विभागाच्या माणसाला एक व्हॉल्व्ह बदलायलासुद्धा तीन सह्या लागतात. तुम्ही संध्याकाळी ठरवलं तर सकाळी प्लंबर हजर असतो. पण हीच गोष्ट उलटीही फिरते. मालकाला माहीत नसेल तर खालच्या पस्तीस जणांना माहीत असून काही हलत नाही.

मालकाच्या जाणिवेची माझी एक साधी परीक्षा आहे. इलेक्ट्रोप्लेटिंग हा रेड कॅटेगरीचा, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गटातला, उद्योग, त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र तुमच्याकडे असणारच. त्यात तुमच्या रोजच्या सांडपाण्याची मर्यादा किती लिहिली आहे? वर्षाला गाळ किती मंजूर आहे? फाइल न उघडता सांगता येतं का? बहुतेकांना येत नाही, कारण हे संमतीपत्र कन्सल्टंटच्या कपाटात असतं आणि नूतनीकरणाच्या वेळी फक्त सहीला येतं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा गाळ साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, तो रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडे मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा नेण्याचा कागद, भरून पाठवायचा असतो, आणि वर्षाचं विवरण ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये द्यायचं असतं. हे सगळं तुम्ही करत असाल. पण त्या फॉर्म ४ मधला आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी लावून कधी बघितलात का? पर्यावरणाचा सगळ्यात प्रामाणिक अहवाल तोच आहे आणि तो तुमच्याकडे फुकट पडलेला आहे.

पाण्याचं गणित मालकाने स्वतः करावं असं मी आग्रहाने सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की माणूस शॉपकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. समजा एका बॅरलबरोबर एक लिटर द्रावण बाहेर आलं आणि पार्ट नीट धुवायला ते हजारपट पातळ व्हायला हवं. एकाच टाकीत वाहतं पाणी ठेवून धुतलंत तर हजार लिटर लागतात. तेच दोन टाक्या लावून पाणी उलट दिशेने सोडलंत, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथून ओव्हरफ्लो आधीच्या टाकीत, तर कागदावर साधारण ३२ लिटरमध्ये तेच काम होतं, कारण ३२ गुणिले ३२ म्हणजे हजाराच्या थोडं वर. तीन टाक्या असतील तर दहा लिटर. प्रत्यक्षात एवढं सरळ जमत नाही. बॅरलच्या आत पाणी नीट फिरत नाही, आणि भोकं बारीक असली तर अजूनच नाही. तरीही एका टाकीवरून उलट प्रवाहाच्या दोन टाक्यांवर गेल्यावर पाणी निम्म्याच्याही बरंच खाली येतं. भाड्याच्या शेडमध्येही हे करता येतं, जुनी पीव्हीसी टाकी आणि थोडा पाइप पुरतो.

बरेचदा दोन टाक्या असतातच, पण दोन्हींना वेगवेगळे नळ असतात आणि दोन्ही धो धो वाहत असतात. तुमच्याकडे असं असेल तर आज संध्याकाळीच एक नळ बंद करून पाइप फिरवा. नळ माणसाच्या हाती सोडायचा असेल तर त्यात फ्लो रिस्ट्रिक्टर टाका, म्हणजे कितीही उघडला तरी ठरल्यापेक्षा जास्त पाणी येणार नाही. अजून एक गोष्ट, प्लेटिंगनंतर स्थिर ड्रॅग-आउट टाकी ठेवून तिचं पाणी बाथमध्ये परत घालायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. निकेलच्या गरम बाथला तो झकास आहे, तिथे बाष्पीभवनाने जागा होत असते. झिंकचा बाथ थंड असतो, पातळी फारशी उतरत नाही, त्यामुळे परत घालायला जागा थोडीच मिळते. थोडा फायदा होईल, फार आशा ठेवू नका.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, ईटीपीच्या पोराला कारण कळणं, हॉइस्टवाल्याला वेळ मिळणं आणि मालकाला गणित कळणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या ट्रेनिंगने यातल्या एकीलाही हात लागला नाही, म्हणून आकडे हलले नाहीत.

आता आकड्यांकडे येऊ. ‘बिल तेवढंच’ असं तुम्ही म्हणता, पण त्या महिन्यात माल किती निघाला? तेवढ्याच पाण्यात दीडपट माल निघाला असेल तर तुम्ही सुधारलात आणि तुम्हालाच कळलं नाही. उलट माल कमी होऊन बिल तेवढंच असेल तर परिस्थिती बिघडली आहे. रिन्स लाइनवर, म्हणजे धुण्याच्या टाक्यांवर, पाण्याचं साधं मीटर, रेक्टिफायरच्या फीडरवर एक सब-मीटर, आणि रोजच्या निघालेल्या मालाचे किलो, हे तीन आकडे एका वहीत सुपरवायझरकडून लिहून घ्या. पण किलोला लिटर, किलोला युनिट असं काढताना सांभाळा. बारीक वॉशरच्या किलोला पृष्ठभाग खूप असतो, जाड बोल्टच्या किलोला कमी. एका महिन्यात वॉशरच्या ऑर्डरी जास्त आल्या तर प्रति किलो सगळं वाढलेलं दिसेल आणि बिचाऱ्या सुपरवायझरला उगाच बोलणी बसतील. म्हणून पार्टचे दोन-तीन गट करा आणि गटाची तुलना त्याच गटाशी करा. वही शॉपमध्ये ठेवा, ऑफिसात नको. माणसांना आकडा रोज दिसला की पाणी कोणाच्या शिफ्टला वाढलं याची चर्चा आपोआप चहाच्या वेळी होते.

आता एक गोष्ट सांगतो जी पर्यावरणाच्या ट्रेनिंगमध्ये कधीच येत नाही, आणि प्लेटिंगमध्ये मला सगळ्यात मोठी वाटते. ग्राहकाने झिंकच्या थराची जाडी ८ मायक्रॉन मागितलेली असते आणि आपण १२ देतो, ‘रिजेक्ट व्हायला नको’ म्हणून. म्हणजे दीडपट झिंक, दीडपट अँपिअर-तास, आणि बाथमध्ये बॅरल तेवढा जास्त वेळ अडकलेला. जाडी मोजायचं यंत्र कपाटात बंद असतं किंवा फक्त ऑडिटच्या दिवशी बाहेर येतं. प्रत्येक लॉटचे चार-पाच पार्ट वेगवेगळ्या जागेवरून मोजून वेळ आणि करंट बसवला, तर नऊ-साडेनऊवर आरामात राहता येतं. तसंच रीवर्कचं. एक लॉट ॲसिडमध्ये स्ट्रिप करून पुन्हा प्लेट केला की त्या लॉटचं पाणी, वीज, केमिकल आणि गाळ सगळं दुप्पट, आणि स्ट्रिपिंगचं ॲसिड वर. डीग्रीजिंगचा, म्हणजे पार्टवरचं तेल काढायचा, बाथ वेळेवर बदलणं, बाथची तब्येत दाखवणारी हल सेल टेस्ट आठवड्याला करणं ही कामं कोणी ‘ग्रीन’ म्हणून धरत नाही, पण छोट्या प्लेटिंग शॉपचा पर्यावरणावरचा बोजा खरा इथेच कमी होतो. चांगला प्लेटर असणं हा या धंद्यातला अर्धा पर्यावरणवाद आहे असं मी म्हणतो, आणि यावर माझ्याशी भांडणारे पर्यावरणवाले बरेच आहेत.

विजेत कॉम्प्रेसरकडे आधी बघा. सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री, हवेचं कुठलंही काम चालू नसताना कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि घड्याळ लावून तो किती वेळ लोडवर जातो, किती वेळ अनलोड राहतो ते लिहा. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड म्हणजे क्षमतेच्या पंचवीस टक्के हवा गळतीत जाते आहे. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल तर ते एकटंच काही किलोवॉट खातं, आणि ते दिवसरात्र खातं. गळत्या थांबवल्यावर दाब एक बारने उतरवता आला तर विजेत साधारण सहा-सात टक्के वाचतात. आणि बाथ ढवळायला कॉम्प्रेसरची हवा वापरत असाल तर ती बंद करून छोटा ब्लोअर लावा. ढवळायला सात बारची गरजच नसते. डीग्रीजिंगच्या गरम टाकीला झाकण नसेल तर पॉलिप्रॉपिलीनचे तरंगते गोळे टाका, वाफ आणि उष्णता दोन्ही कमी जातात.

ग्राहकाच्या प्रश्नावलीबद्दल वडील नाराज आहेत, पण ती प्रश्नावली येत राहणार आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने बाजारमूल्यात वरच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीने द्यावा लागतो, आणि त्या आपल्या पुरवठादारांकडे बोट करायला लागल्या आहेत. युरोपला माल जात असेल तर अजून एक आहे. तिथला कार्बनचा सीमाशुल्कासारखा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून माहितीच्या पातळीवर होता, १ जानेवारी २०२६ पासून त्याचा पैशांचा टप्पा सुरू झाला, आणि पोलादाच्या वस्तूंबरोबर स्क्रू, बोल्ट, नटही त्या यादीत आहेत. तुम्ही युरोपला काही पाठवत नसाल, पण तुम्ही प्लेट केलेला बोल्ट जातो. तो पाठवणारा उद्या तुम्हाला विजेचे युनिट विचारूही शकेल, आणि तेव्हा वर सांगितलेली वही कामाला येईल. पिवळ्या पॅसिव्हेशनचंही तसंच. युरोपने गाड्यांच्या सुट्या भागांत क्रोम-६ वर १ जुलै २००७ पासूनच बंदी घातली. ज्या शॉपनी तेव्हा ट्रायव्हॅलंट, म्हणजे क्रोम-३ चं पॅसिव्हेशन, शिकून घेतलं त्यांच्याकडे आज ती कामं आहेत. तुमच्याकडे पिवळं अजून चालू असेल तर कोणत्या ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ते खरंच लिहिलं आहे आणि कोणाला फक्त सवयीने देतो, हे एकदा तपासा. सवयीचे निघतील. तिथे ईटीपीची अर्धी डोकेदुखी जाते, कारण क्रोम-६ आलंच नाही तर मेटाही नको.

सर्टिफिकेटचं विचाराल तर, पर्यावरण व्यवस्थापनाच्या आयएसओ १४००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत सक्षमता आणि जाणीव ही दोन वेगळी कलमं आहेत, ७.२ आणि ७.३. छोट्या युनिटमध्ये ऑडिटसाठी ७.३ चे फोटो आणि सह्यांचे कागद गोळा होतात आणि ७.२ कोणी विचारत नाही. तुम्ही उलटं करा. केंद्र सरकारची झेड ही सर्टिफिकेटची योजना छोट्यांसाठी बरी आहे, सर्टिफिकेटच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० आणि मध्यमांना ५० टक्के सवलत आहे. ब्राँझ या पातळीपासून सुरुवात होते. अर्जाआधी पोर्टलवरच्या चालू अटी बघून घ्या. पण सर्टिफिकेट ही पहिली पायरी समजू नका. वही तीन महिने चालवल्यावर सर्टिफिकेट सोपं जातं. वही नसताना घेतलं तर ते भिंतीवर राहतं.

जाणिवेने काय होणार नाही हेही बोलायला हवं. गळका ईटीपी, कमी पडणारा गाळ पिळायचा फिल्टर प्रेस, मंजुरीपेक्षा जास्त माल घेणं, हे माणसांना समजावून सुटत नाही. तिथे पैसे घालावे लागतात किंवा काम नाकारावं लागतं. रात्रीच्या शिफ्टला ईटीपी बंद ठेवून पाणी सोडणारी शॉप आहेत हे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांच्या मालकांना परिणाम माहीत नसतात असं मी मानत नाही. तिथे कायद्याचा बडगाच लागतो. पण तुमच्या कामगारांच्या मनात या गोष्टीची किंमत नाही असंही समजू नका. इंद्रायणीवर आळंदीला फेस तरंगतो तेव्हा त्याची चर्चा शॉपमध्ये होतेच. वारीला जाणारा एक जुना सुपरवायझर मी बघितला आहे, जो ईटीपीच्या चेंबरवर स्वतः कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायचा. असा माणूस तुमच्याकडे असेल तर त्याला ईटीपीचा अधिकार द्या. पीएच बरोबर नसेल तर लाइन थांबवायचा अधिकार, आणि तोही लेखी.

पुढचं ट्रेनिंग घ्याल तेव्हा हॉलमध्ये घेऊ नका. लाइनवरच घ्या, अर्धा तास, हिंदीत. एका बॅरलखाली बादली धरून लगेच उचललेल्या बॅरलमधून किती गळतं आणि पंधरा सेकंद थांबल्यावर पुढच्या टाकीत किती कमी जातं, ते दाखवा. मेटाचा रंग बदलताना दाखवा. आणि ठेकेदाराला तिथे उभं करा, तोच सगळ्यात जास्त शिकेल.

राहता राहिला वडिलांचा रेक्टिफायर. मी तो मुद्दा उडवून लावणार नाही, जुना ऑइलमधला असेल तर तो खरंच जास्त वीज खातो. पण आधी बसबारचे, म्हणजे करंट नेणाऱ्या पट्ट्यांचे, जोड आणि बॅरलमध्ये मालाला करंट देणाऱ्या डँगलरचे कॉन्टॅक्ट घासून साफ करा, चालू करंटवर प्रत्येक जोडावर व्होल्टेज ड्रॉप मोजा. जो जोड तापतो तिथे वीज जळते आहे, आणि नवा रेक्टिफायर आणला तरी ती तिथेच जळणार. एवढं करूनही सब-मीटरवर युनिट जास्तच दिसले तर वडील बरोबर आहेत, घ्या नवा. फक्त ऑर्डर देण्याआधी जुन्याचं महिन्याभराचं रीडिंग अँपिअर-तासांसकट लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने तुम्ही दोघं ‘फरक पडला की नाही’ याच वादात परत बसाल.